बाकावरून उठताना हात का टेकावे लागतात?

संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीवरच्या बाकांकडे नीट पाहा. उठायचं झालं की आजोबा आधी कडेपर्यंत पुढे सरकतात, दोन्ही तळहात मांड्यांवर टेकतात, एक झोका घेतात आणि मग उभे राहतात. घरचे म्हणतात, गुडघे गेले. पुष्कळदा गुडघ्यांच्या आधी मांड्या गेलेल्या असतात.

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर जास्तच. ताकद त्याहून वेगाने उतरते. मज्जारज्जूतून स्नायूंपर्यंत पोचणाऱ्या चेतापेशी कमी होत जातात आणि ज्या तंतूंची जोडणी तुटली ते सुकतात. काहींना शेजारची चेतापेशी सांभाळून घेते, पण ती बहुधा संथ जातीची असते. सर्वात जास्त झळ बसते ती जलद तंतूंना. स्टेशनच्या पुलावर पाय अडखळला की दुसरा पाय झटकन पुढे टाकायचं काम त्यांचंच. म्हणून म्हातारपणी तोल जातो आणि सावरताही येत नाही.

दुसरी गोष्ट पेशींच्या पातळीवरची. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत ठरावीक वेळाच, साधारण पन्नासदा, विभागतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड या संशोधकांनी १९६१ मध्ये दाखवलं. विभागणं थांबलेल्या अशा काही पेशी शरीरात मरत नाहीत, तिथेच राहून दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. तरुणपणी प्रतिकारशक्ती त्यांना वेचून काढते. पुढे ती सफाई मंदावते. ताप नाही, सूज नाही, पण आत धग कायम. रक्तवाहिन्या, सांधे, स्नायूंची दुरुस्ती, सगळ्यांना तीच लागते. म्हणून उतारवयात एकच आजार सहसा एकटा येत नाही.

मधुमेहाचा संबंधही इथेच आहे. इन्शुलिनच्या हुकमाने रक्तातून उचललेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंमध्ये जातो. कोठार लहान झालं की साखर रक्तात रेंगाळते. यात काटा फसवतो: स्नायूंच्या जागी चरबी भरते, वजन तेवढंच दिसतं आणि घरच्यांना काही बिघडल्याची शंकाही येत नाही.

तपासायचं असेल तर पाठ असलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर दुमडा आणि पाच वेळा पूर्ण उठून बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार स्नायूक्षयाची तपासणी करून घ्यावी. पोटरीचा सर्वात जाड भाग टेपने मोजला तरी अंदाज येतो: पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी असेल तर डॉक्टरांना सांगा.

जेवणाकडे आमच्या मते सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. म्हाताऱ्या स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांतून कमी बांधणी जमते, म्हणून एका वेळी २५ ते ३० ग्रॅम लागतात. रात्री दूध-पोळी किंवा मऊ भात-ताक खाऊन ते होत नाही. दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर दही आणि दोन पोळ्या, असं ताट तिथवर पोचतं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम धरा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.

नुसतं खाऊन मात्र स्नायू भरत नाहीत, आणि रोजची तलावाची फेरी हृदयाला चांगली असली तरी मांड्यांना पुरत नाही. त्यांना ओझं लागतं. बोस्टनमधल्या १९९० सालच्या एका अभ्यासात सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांनी वजनांचा व्यायाम सुरू केला आणि आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. घरी तीच खुर्ची वापरा. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, ८ ते १० वेळा उठबस; थोडा दम घेऊन पुन्हा एक फेरी. बसताना धपकन टेकू नका, मनात चार आकडे मोजत खाली या. स्नायूंना ताण तिथेच जास्त मिळतो. श्वास रोखला तर रक्तदाब चढतो, म्हणून उठताना सोडा. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल. बारा वेळा सहज जमू लागलं की लिटरभर पाण्याची बाटली छातीशी धरा.