मऊ सीट आणि भरीव सीट

सीटवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक आधी अंगठ्याने सीट दाबून बघतं. अंगठा आत गेला की पसंत. मीही तेच केलं. माझ्या क्लासिक ३५० मोटारसायकलची सीट कडक वाटायची, म्हणून पुण्यातल्या एका दुकानात मऊ फोम भरून घेतला. घरी येईपर्यंत गादीवर बसल्याचं सुख होतं. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला निघालो. खंबाटकी घाट मजेत चढलो. सातारा मागे पडलं आणि बुडाला मुंग्या यायला लागल्या. कराडला चहाला उतरलो, तर दोन मिनिटं गाडी धरूनच उभा राहिलो. जुन्या कडक सीटवर एवढ्या अंतरात असं कधीच झालं नव्हतं.

आपण बसतो तेव्हा वजन मुख्यतः कुल्ल्यांतल्या दोन हाडांवर येतं. फरशीवर बराच वेळ बसलं की जी टोचायला लागतात, तीच ही हाडं. भरीव फोममध्ये ती थोडी रुततात आणि थांबतात; वजन आजूबाजूला, मांड्यांवरही वाटलं जातं. मऊ फोम त्यांना थांबवतच नाही. हाडं खालच्या प्लास्टिकच्या बेसपर्यंत जातात, आणि मधला न दबलेला फोम खालून नाजूक भागावर दाब देत राहतो. तिथल्या नसा चेपल्या की आधी मुंग्या, मग बधिरपणा. शिवाय पूर्ण दबलेल्या फोमकडे दणका झेलायला काही उरत नाही. खड्डा आला की तो थेट माकडहाडाला आणि तिथून कण्याला. दुकानातल्या दोन मिनिटांत यातलं काहीच कळत नाही, कारण त्रास सुरू व्हायलाच तास-दीड तास लागतो.

म्हणून अंगठ्याऐवजी गुडघा वापरा. गाडी स्टँडवर नीट उभी करा, सीटवर एक गुडघा टेकवा आणि अंगाचा भार हळूहळू त्यावर द्या. खाली कडक बेस लागला, तर ती सीट बाजारात जायला ठीक, कोकणात जायला नाही. गुडघा थोडा रुतून तिथेच तोलला गेला आणि उचलल्यावर खळगा पटकन भरून आला, तर ती भरीव. ही परीक्षा ज्याची त्याने द्यायची. ९० किलोच्या माणसाला भरीव लागणारी सीट ५५ किलोच्या माणसाला पाटासारखी लागते. मित्राच्या सीटवर बसून बघा, पण त्याच्या शब्दावर पैसे घालू नका.

दुकानात एक शब्द हमखास कानावर येतो : ‘डेन्सिटी’. ‘साहेब, ४० डेन्सिटी टाकतो, एकदम कडक.’ डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, एवढंच. फोममध्ये माल किती आहे हे त्यावरून कळतं, आणि तो किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. दाबल्यावर तो किती विरोध करतो हे वेगळं माप आहे. दोन्ही तुकडे ४० डेन्सिटीचे असूनही एक लोण्यासारखा आणि दुसरा घट्ट असू शकतो. तेव्हा आकडा ऐका, पण तुकडा हातात घेऊन दाबून बघा. सगळा फोम मऊ घेण्यापेक्षा खाली घट्ट थर (जुना कडक फोम किंवा फोमचा चुरा दाबून बनवलेला रिबॉन्डेड) आणि वर बोटभर जाडीचा मऊ थर, ही जोडी मला सगळ्यात मानवली.

आकाराकडे तर कुणी बघतच नाही, आणि तिथेच अर्धं दुखणं असतं. सीट त्या दोन हाडांखाली रुंद हवी आणि टाकीकडे निमुळती, म्हणजे सिग्नलला पाय टेकतात. सीटला टाकीकडे उतार असेल, तर प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे घसरतो, पुन्हा मागे सरकतो, आणि दिवसभर हेच चालतं. कारागिराला उतार काढायला सांगा. जाडी वाढवण्याआधी हे सांगा.

फोमवर बसवतात तो जेलचा लिबलिबीत तुकडा दाब थोडा पसरवतो, पण खालचा फोम वाईट असेल तर तो झाकत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात गाडी उभी राहिली तर चांगलाच तापतो. सीटवर ठेवायची हवेची उशी मला जास्त पटली. फक्त ती टम्म फुगवायची नाही. आपण बसल्यावर बूड सीटपासून जेमतेम उचललं जाईल, तितकीच हवा ठेवायची.

आता पाठ. इथेही दोन वस्तू ‘बॅकरेस्ट’ (पाठ टेकायचा आधार) या एकाच नावाने विकल्या जातात. अ‍ॅव्हेंजर क्रूझला किंवा जुन्या थंडरबर्डला जो बॅकरेस्ट दिसतो, तो डबलसीट बसणाऱ्यासाठी आहे. गाडी झटक्याने पुढे गेली की मागच्याला धीर येतो, लांबच्या वाटेवर त्याला पाठ टेकून बसता येतं. चालवणाऱ्याच्या कंबरेला त्याचा काडीचा उपयोग नाही. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आई-मावशीलाही नाही, कारण तिची पाठ मागे नसतेच, ती गाडीच्या उजव्या बाजूला असते.

चालवणाऱ्याचा बॅकरेस्ट दोन सीटच्या मध्ये बसतो, लहान असतो आणि कंबरेच्या खोलगट भागाला लागायला हवा. तो वर खांद्यापर्यंत गेला तर माणसाला पुढे ढकलतो आणि हात अवघडतात. पाय पुढे टाकून चालवायच्या गाड्यांवर त्याची खरी गरज असते, कारण तिथे पायांवर जोर देऊन खड्ड्याला उठता येत नाही आणि सगळं वजन माकडहाडाकडे जातं. सरळ बसायच्या गाडीवर मी तो लावणार नाही; अंग हलवायला मोकळं हवं.

बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. बॅकरेस्टचे बोल्ट गाडीच्या चासीत गेले पाहिजेत, नुसत्या मडगार्डला नकोत. आणि जागा होत नाही म्हणून मागच्याचा हात धरायचा दांडा कुणी काढत असेल, तर काढू देऊ नका. मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाप्रमाणे तो गाडीला असायलाच हवा, आणि घाटात मागे आपलंच माणूस बसलेलं असतं.

शिवण सीटच्या कडेला घ्यायला सांगा. बसायच्या जागी नक्षीची शिलाई घातली, की सुईच्या भोकांतून पावसाचं पाणी फोममध्ये उतरतं आणि पुढे दोन दिवस पँट ओली होत राहते. जुना फोम मात्र दुकानात टाकून येऊ नका, पिशवीत भरून घरी आणा. माझा मी आणला होता. कोल्हापूरहून परत आल्यावर तोच पुन्हा बसवला, वर बोटभर थर चढवून.