लिंबूटिंबूचा डाव

एक मेणबत्ती, एक काडेपेटी आणि ड्रॉइंग पिनांनी भरलेलं खोकं. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की टेबलावर मेण सांडता कामा नये. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं हे जुनं कोडं. बहुतेक जण आधी मेणबत्तीलाच पिन टोचून बघतात. ते जमत नाही, मग तिचं बूड वितळवून भिंतीला चिकटवायला जातात, ती घसरते. उत्तर समोरच असतं. पिना ओतून टाकायच्या, रिकामं खोकं भिंतीला टोचायचं आणि त्यात मेणबत्ती उभी करायची. पण खोकं ‘पिना ठेवायचं’ असतं ना! ते डोक्यातून जाता जात नाही.

लहान मुलांचं काय? 2000 साली टिम जर्मन आणि मार्गारेट डिफेटर यांनी याच जातीचं कोडं मुलांना घातलं. उंच फळीपर्यंत बाहुल्याला पोचवायचं, हाताशी एक खोकं. खोकं सामानाने भरलेलं असलं की सहा-सात वर्षांची मुलं अडखळत, रिकामं असलं की चटकन मार्ग काढत. पाच वर्षांच्यांना मात्र खोकं भरलेलं काय नि रिकामं काय, सारखंच. म्हणजे कुठली वस्तू कशासाठी, हे पक्कं शिकता शिकताच आपण थोडे आंधळे होतो.

मोठेपणी त्यात भर पडते ती निकालाच्या धास्तीची. सॅम ग्लुक्सबर्ग यांनी 1962 साली मेणबत्तीचं कोडं घालताना काही जणांना लवकर सोडवण्याबद्दल पैसे देऊ केले. त्यांना सरासरी साडेतीन मिनिटं जास्तच लागली! पिना आधीच बाहेर काढून ठेवल्या, तेव्हा मात्र पैसेवाले पुढे गेले. वाट दिसत असेल तर बक्षिसाने पाय पळतात, वाटच शोधायची असेल तर नजर आखडते. उलट ॲलिस आइसेन यांनी 1987 साली लोकांना कोड्याआधी पाच मिनिटं हसवलं. विनोदी फिल्म पाहिलेल्या चारांपैकी तिघांनी कोडं सोडवलं. नीरस फिल्म पाहिलेल्यांत पाचांपैकी एकानेच.

यावरून ‘हसतखेळत काम करा’ असा निष्कर्ष काढून काही कंपन्या रंगीत बीनबॅग आणतात आणि महिन्यातून एकदा हजेरी घेऊन खेळ खेळवतात. हजेरी लागली की तो खेळ कसला? मला वाटतं, खरी गंमत लिंबूटिंबूपणात आहे. धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचं, पण त्याचं आउट होणं मोजायचं नाही. मैदानात सगळ्यांत बिनधास्त पळतं ते तेच.

मेंदूतही असं काही घडताना दिसतं. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना स्कॅनरमध्ये आडवं करून मांडीवर कीबोर्ड दिला (2008). पाठ केलेलं वाजवण्याच्या तुलनेत ऐनवेळी सुचेल ते वाजवताना, स्वतःवर पाळत ठेवण्याशी जोडला जाणारा कपाळामागचा बाजूचा भाग शांत झाला होता. सहाच वादक होते, तेव्हा फार ताणू नये.

लिंबूटिंबूपणाची शिस्तच लावून घेतलेला माणूस म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्रचंड चुंबकात चक्क पाणी ओतलं. पाण्याचे गोळे अधांतरी तरंगू लागले. पुढे तिथे एक जिवंत बेडूकही तरंगला आणि 2000 साली त्याबद्दल त्यांना आणि मायकेल बेरी यांना इग नोबेल हे थट्टेचं पारितोषिक मिळालं. मूळ कामाशी संबंध नसलेल्या या उद्योगांना ते ‘शुक्रवार रात्रीचे प्रयोग’ म्हणत. त्यातल्याच एका प्रयोगात ग्रॅफाइट साफ करून फेकून द्यायच्या चिकटपट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं. पट्टीवर ग्रॅफाइटचे अतिपातळ पापुद्रे होते. त्यातून कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांच्यासोबत 2004 साली ग्राफीन हाती आलं, अणूच्या एका थराइतकं पातळ, आणि 2010 साली खरं नोबेल. पंधराएक वर्षांत असे दोनेक डझन प्रयोग झाले. मोठं यश म्हणावं असे तीन, बाकीचे बहुतेक सपशेल आपटले.

माझ्याकडे चुंबक नाही. मी पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदावर करतो. एका बाजूने तो आधीच वाया गेलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूची भीती वाटत नाही. या लेखाची सुरुवात तिथे पाच वेळा फसली. एकीत तर मेणबत्तीच बोलत होती.