मोहेंजोदडोचं वय कसं ठरलं?

नाईलकाठच्या किंवा तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातल्या संस्कृतींचा काळ ठरवताना त्यांची स्वतःची लिखापढी कामी येते. राजांच्या याद्या आहेत, कोणी किती वर्षं राज्य केलं याच्या नोंदी आहेत, आणि त्या लिप्या एकोणिसाव्या शतकातच वाचता येऊ लागल्या होत्या. सिंधूच्या खोऱ्यात यातलं काहीच हाताला लागत नाही. लिपी आहे, पण तिचं सर्वमान्य वाचन अजून झालेलं नाही. राजाचं एकही नाव ठाऊक नाही. मग इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० हा पाठ्यपुस्तकांत छापला जाणारा काळ आला कुठून? सुरुवातीला तरी तो परक्या दप्तरांतून आला.

हडप्पाचे ढिगारे इंग्रजांना ठाऊक नव्हते असं नाही. चार्ल्स मॅसन १८२९ मध्ये तिथे जाऊन आला होता आणि त्याने त्या ढिगाऱ्यांचा संबंध अलेक्झांडरच्या स्वारीशी जोडला. पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम आला तो चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांगच्या प्रवासवर्णनातली बौद्ध स्थळं शोधत. लाहोर-मुलतान रेल्वेचे ठेकेदार तोवर हडप्पाच्या विटा उपसून नेत होते. सुमारे १०० मैल लोहमार्गाखाली भर घालायला त्या पुरल्या, असं कनिंगहॅमनेच नोंदवलं आहे. १८७५ मध्ये त्याने तिथली एक मुद्रा, म्हणजे ठसा उमटवायचा शिक्का, प्रसिद्ध केली. काळा गुळगुळीत दगड, त्यावर बैल आणि सहा अनोळखी अक्षरं. बैलाला वशिंड नाही, अक्षरं भारतीय नाहीत, म्हणजे वस्तू बाहेरची, असा त्याचा निष्कर्ष. पुरावा हातात होता. तो ठेवायला काळाचा कप्पाच नव्हता.

हीच अडचण एका मराठी विद्वानालाही भोवली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचं काम पुण्यातून चाले. या विभागाचे अधिकारी देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे सर रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव, १९११-१२ च्या सुमारास मोहेंजोदडोला गेले. त्यांचा अहवाल असा की हे गाव जेमतेम २०० वर्षांपूर्वीचं असावं: विटा आधुनिक धाटणीच्या आहेत आणि कोरीव मृण्मय काम कुठेच दिसत नाही. हे वाक्य आज थट्टेने उद्‌धृत केलं जातं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. भट्टीत भाजलेल्या, लांबी-रुंदी-जाडी ४:२:१ अशा ठरीव मापाच्या विटा इतक्या जुन्या असू शकतात याची कुणाला कल्पना होती? भांडारकरांचं निरीक्षण नेमकं होतं, तुलनेला काही नव्हतं इतकंच.

त्यांच्यामागून त्याच विभागात आलेल्या राखालदास बॅनर्जींनी १९२२ मध्ये तिथल्या स्तूपाजवळ खोदकाम सुरू केलं. दयाराम सहानी वर्षभर आधीपासून हडप्पाला खणत होते. खात्याचा प्रमुख सर जॉन मार्शलने दोन्हीकडच्या वस्तू शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, तेव्हा चारेकशे मैलांवरची ही दोन गावं एकाच संस्कृतीची आहेत हे उघड झालं. २० सप्टेंबर १९२४ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये त्याने हे छायाचित्रांसह जाहीर केलं. त्या लेखाशेजारीही पक्का काळ नव्हता.

तो पुरवला वाचकांनी! आठवडाभरात आर्चिबाल्ड सेस या अभ्यासकाचं पत्र छापून आलं: अशाच मुद्रा इराणमधल्या सुसा इथे सापडल्या आहेत आणि त्या इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातल्या आहेत. पाठोपाठ ब्रिटिश म्युझियमच्या गॅड आणि स्मिथ यांनी सुमेरमधल्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या, वस्तूंशी साम्य दाखवलं. चंद्रगुप्त मौर्याच्या मागे फारसं न जाणारा भारताचा पुरातत्त्वीय इतिहास पंधरवड्यात दोन हजार वर्षांनी मागे सरकला.

पुढे दुवे वाढत गेले. सुमेरमधल्या ऊर शहरात राजघराण्याच्या दफनभूमीत सिंधू खोऱ्याच्या घडणीचे लालसर अकीकाचे मणी होते. ऊर, किश अशा शहरांत सिंधू धाटणीच्या मुद्रा मिळाल्या. त्याच खोऱ्यातल्या अक्कडचा राजा सार्गोन आपल्या धक्क्याला 'मेलुहा'ची गलबतं लागतात, अशी फुशारकी मारतो. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे, तिच्यावर त्याचा व्यवसाय कोरलाय: मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. ती भाषा जाणणारा, नावानिशी माहीत असलेला हा एकमेव माणूस, आणि तोही राहायचा मेसोपोटेमियात, म्हणजे तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात.

मात्र उसन्या कालगणनेत ओढाताण होतेच. मार्शलने मोहेंजोदडोला इसवी सनापूर्वी ३२५० ते २७५० असा काळ दिला, नंतर खात्याचा प्रमुख झालेल्या मॉर्टिमर व्हीलरने २५०० ते १५००. स्वतंत्र मोजमाप आलं ते किरणोत्सारी कार्बनमुळे (कार्बन-१४: जुन्या सेंद्रिय अवशेषांत तो किती उरला यावरून वय काढतात), आणि त्यातलं महत्त्वाचं काम मुंबईत झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या तारखांवरून धर्मपाल अग्रवालांनी १९६४ मध्ये हा काळ २३०० ते १७५० असा आखडून मांडला. नंतर कळलं की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. झाडांच्या वर्षवलयांशी ताडून दुरुस्ती केल्यावर तारखा काही शतकं मागे गेल्या आणि नगरांचा भरभराटीचा काळ २६०० ते १९०० वर स्थिरावला.

मोहेंजोदडोचा तळ मात्र या हिशेबाबाहेर राहिला आहे. सिंधूच्या गाळाने आसपासची जमीन उंचावली, भूजलही वर आलं, त्यामुळे सर्वांत जुने थर पाण्याखाली आहेत. व्हीलरने १९५० मध्ये पंप लावून खाली जायचा प्रयत्न केला. पाण्याने तो हाणून पाडला. १९६०च्या दशकात अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्सने जमिनीत छिद्रं पाडून पाहिलं, तेव्हा वस्तीच्या खुणा बऱ्याच खोलवर मिळत राहिल्या. त्यानंतर तिथे मोठं उत्खनन झालेलं नाही.