गॅस टर्बाइनमध्ये संपीडित हवेचे अंतःक्षेपण

गॅस टर्बाइनच्या संपीडकाने (हवा आत ओढून दाबणाऱ्या भागाने) ओढून घेतलेल्या हवेखेरीज, बाहेर स्वतंत्रपणे दाबलेली हवा संपीडक व ज्वलन कक्ष यांच्या दरम्यान सोडून टर्बाइनची शक्ती वाढविण्याची पद्धती. उन्हाळ्यात घटणारी शक्ती भरून काढणे आणि विजेच्या कमाल मागणीचे काही तास निभावणे, यांसाठी ती मुख्यतः उपयोगी पडते.

ठराविक गतीने फिरणारा संपीडक दर सेकंदाला जवळजवळ तेवढ्याच घनफळाची हवा आत घेतो. तिचे वस्तुमान मात्र घनतेनुसार बदलते. टर्बाइनची क्षमता 15° से. तापमान धरून सांगितली जाते. हवा 45° से.ची असल्यास तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी कमी भरते, आणि उष्ण हवा दाबण्यास दर किलोग्रॅममागे कार्यही अधिक लागत असल्याने शक्तीतील घट त्याहून मोठी असते. ज्या दुपारी मागणी चढलेली असते, नेमके त्याच दुपारी यंत्र उणे पडते.

टर्बाइनच्या पात्यांवर निर्माण होणाऱ्या शक्तीपैकी साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक शक्ती त्याच दंडावरचा (फिरत्या आसावरचा) संपीडक खाऊन टाकतो. बाहेरून आलेल्या हवेचा असा भार दंडावर पडत नाही, म्हणून तिच्या प्रसरणातून मिळणारे बहुतेक कार्य जनित्राकडे जाते. अर्थात ही शक्ती फुकटची नव्हे. ज्वलनाचे तापमान टिकविण्यासाठी इंधन वाढवावे लागते आणि हवा दाबण्याचा खर्च अन्यत्र करावा लागतो: एकतर मागणी कमी असताना विजेने हवा दाबून साठवावी लागते, किंवा वेगळ्या एंजिनावर टप्प्याटप्प्याने दाबणारा, मधे हवा थंड करणारा संपीडक चालवून त्याच एंजिनाच्या धुराड्यातील उष्णतेने ती पुन्हा तापवावी लागते. साठवणीचा विचार टोकाला नेल्यास जर्मनीतील हुन्टॉर्फ येथे 1978 मध्ये सुरू झालेल्या केंद्रासारखी रचना होते; तेथे मिठाच्या थरांतील पोकळ्यांत साठविलेल्या हवेवरच टर्बाइन चालते. अमेरिकेतील मॅकिन्टॉश येथील 1991 च्या केंद्रात बाहेर पडणाऱ्या वायूंची उष्णता हवा तापविण्यासाठी परत वापरली जाते.

सोडावयाच्या हवेचा दाब संपीडकातून हवा बाहेर पडते तेथील दाबाहून थोडा अधिक असावा लागतो. तेथील हवा आधीच कित्येक शे अंश तापलेली असते. थंड हवा सोडल्यास इंधन अधिक जळते आणि जाड कवचावर औष्णिक ताण येतो. सर्व ज्वलन नळ्यांना ती सारखी मिळाली नाही, तर ज्योतीही विषम होतात. सर्वांत नाजूक प्रश्न दाबाचा आहे. टर्बाइनच्या पहिल्या स्थिर पात्यांतून जास्त वस्तुमान जाण्यासाठी त्यांच्या अलीकडचा, म्हणजे संपीडकाच्या बाजूचा, दाब वाढावा लागतो, आणि तो मर्यादेबाहेर गेला की संपीडकातील प्रवाह उलटून धक्के बसू लागतात. अभियंते यालाच ‘सर्ज’ म्हणतात. उष्ण दिवशी मूळ प्रवाह व दाब कमी असल्याने भर घालण्यास वाव राहतो; थंडीत तो आक्रसतो.

आत येणारी हवा पाण्याच्या फवाऱ्याने थंड करणे हा स्वस्त पर्याय आहे, पण कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत बाष्पीभवन फारसे होत नाही. वाफेच्या अंतःक्षेपणाने शक्ती चांगली वाढते, तथापि त्यात शुद्ध केलेले पाणी सतत खर्ची पडते. हवेच्या अंतःक्षेपणाला या दोन्ही अडचणी नाहीत. मात्र इंधनाचाच तुटवडा असेल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि जनित्र, रोहित्र व दंड यांची क्षमता आधीच पूर्ण वापरात असेल तर वाढीव शक्ती घ्यायला जागाच उरत नाही.