बरगडीवरची गाठ: टीबी की यूइंग सार्कोमा?

बारा-तेरा वर्षांचं मूल. महिनाभर छातीच्या एका बाजूला दुखतंय, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय. एक्स-रे काढला तर अर्धी छाती पांढरी. आपल्याकडे अशा वेळी पहिला शब्द निघतो तो टीबी, आणि त्यात चूक काही नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळपास एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे छातीत पाणी झालेल्या मुलात टीबीचा विचार व्हायलाच हवा. पण नेमकं हेच चित्र बरगडीच्या यूइंग सार्कोमातही दिसतं. मुलांच्या छातीच्या भिंतीत जे कर्करोग होतात, त्यांतला हा सर्वांत जास्त आढळणारा. जुन्या रिपोर्टवर 'आस्किन ट्यूमर' असं लिहिलेलं असेल तर गोंधळू नका. १९७९ साली तो वेगळा आजार म्हणून मांडला गेला होता, पुढे जनुकांच्या तपासणीत तो यूइंगच्याच कुळातला निघाला.

ताप दोन्हींत येतो, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) दोन्हींत वाढतो, बरगडीचं हाड दोन्हींत पोखरलेलं दिसतं. फरक हाताला थोडाफार कळतो. टीबीची सूज बहुधा मऊ असते, दाबली की आत पू हलल्यासारखा वाटतो, पण कातडी तापलेली नसते. म्हणून तिला थंड गळू म्हणतात. कधी ती फुटून वाहते. यूइंगची गाठ टणक, हाडाला घट्ट धरून बसलेली, आणि तिचं दुखणं मुलाला रात्री झोपेतून उठवतं. फसवणूक अशी की ती बाहेरपेक्षा आतच जास्त वाढते. बरगडीवर लिंबाएवढा उंचवटा दिसतो आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाला ढकलणारा मोठा गोळा सापडतो. पांढऱ्या दिसणाऱ्या भागात पाणी आहे की मांसल गाठ, हे साध्या एक्स-रेवर सांगता येत नाही. त्याला सोनोग्राफी आणि सीटी लागतोच.

सुईने काढलेलं पाणी टीबीत बहुतेकदा पिवळसर असतं, यूइंगमध्ये ते रक्ताळलेलं असू शकतं. पाण्यातली एडीए या एन्झाइमची तपासणी वाढीव आली की लगेच टीबीचा शिक्का बसतो, पण ती इतरही काही आजारांत वाढते. तेवढ्यावर निदान पक्कं मानू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

खरा निवाडा होतो गाठीच्या तुकड्यावर, आणि तिथेच एक अगदी साधी गोष्ट राहून जाते. तुकडा दोन बाटल्यांत जायला हवा. एक फॉर्मलिनची (तुकडा टिकवणारं रसायन), सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यासाठी. दुसरी साध्या सलाइनची, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) यांसाठी. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला तर टीबीचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत. सगळाच सलाइनमध्ये ठेवला तर पेशी खराब होतात. यूइंगमध्ये लहान, गोल, निळ्या पेशींचे थवे दिसतात. पण तसे ते लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही दिसतात, म्हणून सीडी९९ हे पेशींवरचं प्रथिन आणि ईडब्ल्यूएसआर१ जनुक यांची तपासणी सांगतात.

आता निकालाकडे. टीबी असेल तर पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन औषधं. छातीत नुसतं पाणी असेल तर एकूण सहा महिने, हाडाचा टीबी असेल तर साधारण वर्षभर. जंतू औषधांना दाद देणारे असतील आणि गोळ्या चुकल्या नाहीत, तर मूल बहुधा पूर्ण बरं होतं. सरकारी कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये. ऑपरेशनची वेळ क्वचितच येते.

यूइंगचा रस्ता लांब आहे, पण बंद नाही. आधी काही महिने केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, गरजेप्रमाणे रेडिएशन. हा क्रम महत्त्वाचा. केमोने गाठ आक्रसल्यावर काढली तर कडेला रोग न राहता ती निघण्याची शक्यता वाढते, आणि मग काही मुलांचं रेडिएशन टळतं. गळू समजून घाईने चिरा दिला तर हा फायदा हातचा जातो. तपासणीचा तुकडासुद्धा पुढच्या ऑपरेशनच्या चिऱ्याच्या रेषेतूनच घ्यायचा असतो, कारण सुईची वाटही नंतर काढून टाकावी लागते. रोग एकाच जागी असताना उपचार सुरू झाले तर दहातली साधारण सात मुलं पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत केमो तीनऐवजी दोन आठवड्यांनी दिल्यावर, पाच वर्षांत आजार न उलटलेल्या मुलांचं प्रमाण ६५ वरून ७३ टक्क्यांवर गेलं. रोग फुप्फुसांत किंवा इतर हाडांत पसरलेला असेल तर मात्र पाच वर्षांचा टप्पा ओलांडणारी मुलं साधारण तिनात एक, किंवा त्याहून कमी.

बरं झाल्यावरचंही बोलायला हवं. तीन-चार बरगड्या निघाल्या की जागा जाळीने भरतात, पण जाळी मुलाबरोबर वाढत नाही. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत पाठीचा कणा एका बाजूला वाकू शकतो, म्हणून पाठ दर काही महिन्यांनी तपासावी लागते. डॉक्सोरुबिसिन हे केमोतलं औषध हृदयाला इजा करू शकतं, म्हणून हृदयाची सोनोग्राफी पुढे अनेक वर्षं चालू राहते. वयात आलेल्या मुलाचं वीर्य केमोआधी गोठवून ठेवता येतं, पण हा विषय घरच्यांसमोर बहुधा कोणी काढत नाही. तो आपणच काढावा.

टीबीची औषधं नुसत्या एक्स-रेवर सुरू झाली असतील आणि महिन्या-दीड महिन्यात ताप उतरला नाही, वजन वाढलं नाही, गाठ टणकच राहिली, तर "कोर्स पूर्ण होऊ दे" म्हणत थांबू नका. तुकड्याची तपासणी मागा. परळच्या टाटा मेमोरियलला किंवा दुसऱ्या कर्करोग रुग्णालयात जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर मूळ स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही आधीच्या लॅबमधून मागून घ्या. तिथले डॉक्टर तो तुकडा स्वतः पुन्हा पाहतात, आणि ब्लॉक हाताशी असेल तर मुलाला दुसऱ्यांदा सुई टोचण्याची वेळ बऱ्याचदा येत नाही.