एक थेंब, तोही निम्म्या ताकदीचा

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवून तीन-चार आठवडे होत आले की एका सकाळी सिस्टर आईला सांगतात, "आज डोळे तपासायचेत, तासभर आधी दूध थांबवायचं." मग दर दहा-पंधरा मिनिटांनी बाळाच्या डोळ्यात एकेक थेंब पडू लागतो. सव्वा किलोचं लेकरू, नाकाला नळी, आणि त्यात हे. आई विचारते, "एवढ्याशा डोळ्यात औषध कशाला?" तिचा प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर ऐंशी वर्षं मागे जावं लागतं.

गर्भात डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या साधारण १६ व्या आठवड्यापासून वाढू लागतात. मधून कडेकडे सरकत त्या नाकाच्या बाजूच्या कडेला ३६ व्या आठवड्याच्या सुमारास पोचतात आणि कानाच्या बाजूला थेट ४० व्या. बाळ सातव्या महिन्यातच बाहेर आलं, तर कडेचा भाग रक्तवाहिन्यांवाचून कोराच राहिलेला असतो. पुढे तिथे वेड्यावाकड्या वाहिन्या फुटल्या, तर त्या पडदा ओढून जागेवरून सुटा करू शकतात. हाच आरओपी (रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी), अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. गडबड असते कडेला आणि बाहुली लहान असेल तर दिसतो फक्त मधला भाग. म्हणून बाहुली मोठी करायची.

१९४२ मध्ये बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे याच आजारातला पांढरट पापुद्रा असल्याची नोंद केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० बाळं अशी आंधळी झाली, आणि तीही बहुतेक चांगल्या, सुसज्ज रुग्णालयांत. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी पेटीत सढळ हाताने सोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीने ते खरं ठरवलं. मग ऑक्सिजन इतका आखडला गेला की डोळे वाचले, पण श्वासावाचून बाळं दगावू लागली. जीव वाचवणारी गोष्टसुद्धा किती द्यायची, हे मोजूनच ठरवावं लागतं. थेंबांच्या बाबतीतही हाच धडा पुन्हा गिरवावा लागला.

तोवर डोळे तपासून फारसं काही हाती लागत नव्हतं, कारण खात्रीचा उपचारच नव्हता. १९८८ मध्ये क्रायोच्या, म्हणजे पडद्याची कोरी कड गोठवण्याच्या उपचाराचे निकाल अमेरिकेत जाहीर झाले आणि दृष्टी वाचवता येते हे सिद्ध झालं. पुढे लेसर आला. उपचाराची वेळ मात्र दिवसांत मोजावी लागते, त्यामुळे ठरलेल्या दिवशी तपासणी होणं अटळ झालं. डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून पडद्याची कड पाहायचं साधन चार्ल्स शेपेन्स यांनी १९४० च्या दशकातच घडवलं होतं. बाहुली उघडायची औषधं मात्र सगळी मोठ्या माणसांसाठी बनलेली होती.

धोतरा पोटात गेलेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात, हे आपल्याकडे गावोगाव ठाऊक आहे. ॲट्रोपीन त्याच जातीचं. त्याचा असर दिवसेंदिवस टिकतो, अंग तापतं, आतडी मंदावतात. एवढ्याशा बाळाला ते नकोच. १९५० च्या दशकात सायक्लोपेंटोलेट आणि ट्रॉपिकामाइड ही कमी वेळ टिकणारी औषधं आली. जोडीला फिनाइलेफ्रिन, जे बाहुली उघडणारा स्नायू खेचतं.

इथे जरा हिशेब करू. फिनाइलेफ्रिन १० टक्के ताकदीचं असेल तर एका थेंबात साधारण ५ मिलीग्रॅम औषध असतं. एक किलोच्या बाळाला तो एक थेंब म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० थेंब! शिवाय थेंब डोळ्यात मावत नाही. उरलेलं गालावर ओघळतं, नाकात उतरतं आणि पातळ त्वचेतून, नाकाच्या अस्तरातून रक्तात मिसळतं. १९७३ मध्ये नवजात बाळांचा रक्तदाब या थेंबांनी चढतो, हे छापून आलं. १९८० च्या दशकात सायक्लोपेंटोलेटमुळे पोटातला पाचक रस कमी होतो, हेही दिसलं. दूध तासभर आधी का थांबवायचं आणि तपासणीनंतर पोट फुगतंय का ते का पाहायचं, हे यावरून कळावं.

आज आपल्याकडे ठरलेली मात्रा आहे २.५ टक्के फिनाइलेफ्रिन आणि साधारण अर्धा टक्का ट्रॉपिकामाइड. बाजारात मोठ्यांसाठी मिळणाऱ्या बाटलीत ५ टक्के आणि ०.८ टक्के असतं. म्हणून अनेक ठिकाणी त्यात तेवढेच कृत्रिम अश्रूंचे थेंब मिसळून ते निम्मं करतात. थेंब टाकला की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट हलकंच दाबायचं आणि ओघळ कापसाने लगेच टिपायचा. कापसाचा हा बोळा मला बाटलीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

भारतात हा प्रश्न अधिकच मोठा आहे, कारण इथे तुलनेने वजनदार बाळांनाही आरओपी होतो. अमेरिकेत साधारण दीड किलो किंवा ३० आठवड्यांपर्यंतची बाळं तपासतात. आपल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सूचनांत ही रेषा २ किलो आणि ३४ आठवड्यांवर आहे. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. बाळ घरी गेलं असलं तरी ही तारीख टळता कामा नये. डिस्चार्जच्या कागदावर ती ठळक लिहून, आईला वाचून दाखवावी, असं मला कळकळीने वाटतं.

आपल्या बाळांच्या गडद बुबुळांत औषध धरून राहतं, बाहुली सावकाश उघडते. तेव्हा आणखी एक थेंब टाकायचा मोह होतो. पण दोन-तीन थेंबांनंतरही बाहुली हटून बसली, तर दोष औषधाचा असेलच असं नाही. आजार जोरात असला की बुबुळावरच्या वाहिन्याही फुगतात आणि बाहुली ताठरते. अशा वेळी बाटली बाजूला ठेवायची, केसपेपरवर "बाहुली उघडत नाही" असं लिहायचं आणि डोळ्याच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं.