बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं : रमाबाई, केडगाव आणि 'नव्या जन्मा'ची पार्श्वभूमी

आपल्या ख्रिस्ती मंडळींत संजीवन सभेत (विश्वास पुन्हा जागा करायच्या सभेत) किंवा रिट्रीटला कोणी साक्ष द्यायला, म्हणजे आपलं जीवन कसं बदललं ते सांगायला, उभं राहिलं की बहुतेक वेळा एक तारीख सांगतात, अमुक दिवशी प्रभूने स्पर्श केला, जीवन बदललं, हालेलुया, आणि खाली बसतात. तारखेच्या आधी काय चाललं होतं आणि नंतर किती वर्षं लागली हे सगळं गाळलं जातं. पण मराठी ख्रिस्ती लोकांमधली सगळ्यात गाजलेली साक्ष, म्हणजे पंडिता रमाबाईंची, ती वाचली तर नेमकी ही गाळलेली वर्षंच त्यात महत्त्वाची आहेत.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधे वाँटेज इथे झाला, बरोबर छोटी मुलगी मनोरमा पण होती. त्याच्या आधीचं सगळं माहितीच असेल, दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला. सिल्चरला असताना घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत हाती लागली होती, पण तेव्हा ते कुतूहल होतं. इंग्लंडमधे गेल्यावर वाँटेजच्या सिस्टर्सनी (अँग्लिकन चर्चमधल्या व्रतस्थ बायका) त्यांना लंडनजवळ फुलहॅमला पाठवलं, तिथे समाजाने टाकलेल्या बायकांना सांभाळायचं काम चालायचं. आपल्याकडे अशा बाईची सावलीसुद्धा नको आणि इथे या सिस्टर्स त्यांना जवळ कशा करतात, असा प्रश्न बाईंना पडला. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट (लोक जिला टाळायचे अशा बाईशी येशू विहिरीवर बोलतो ती) वाचून दाखवली. मन तिथे वळलं, आणि बुद्धीला पटलं ते फादर नेहेम्या गोऱ्हे यांचं लिखाण वाचून (काशीत वाढलेला कोकणस्थ ब्राह्मण, हाही एक मोठाच विषय आहे).

मग झालं का सगळं? नाही ना. बाप्तिस्मा झाल्यावरही बाई अंड घातलेलं पुडिंग खाईनात, वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनना वाटायचं हा जुना जातीचा अभिमान अजून सुटलेला नाही. त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर) वाद, चर्चच्या अधिकारावर वाद, पत्रांवर पत्रं. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड इतक्या कष्टाने उतरवलं ते काय दुसऱ्याचं मानेवर घ्यायला? मला तर ही पत्रं वाचताना नेहमी वाटतं की आजच्या एखाद्या पाळकांसमोर नवीन विश्वासणाऱ्या बाईने असं बोलायची हिंमत केली तर तिला 'अजून आत्मिक वाढ झालेली नाही' म्हणून गप्प बसवतील.

पुढे १८८६ ला अमेरिका, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन (विधवा आणि मुलींसाठी निवासी शाळा), दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हललं. काम जोरात, नाव मोठं. आणि १९०७ मधे लिहिलेल्या साक्षीत बाई स्वतः सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण ख्रिस्त मिळालेला नाही. म्हणजे साधारण १८९१. जी बाई धर्मासाठी अख्ख्या पुण्याच्या शिव्या खात होती तिने हे लिहावं!

आता हा विचार आला कुठून ते बघण्यासारखं आहे. हाती आलं होतं विल्यम हॅस्लमचं आत्मचरित्र. हा कॉर्नवॉलचा अँग्लिकन पाद्री, वर्षानुवर्षं चर्च चालवत होता आणि १८५१ मधे स्वतःच प्रवचन देता देता त्याचं परिवर्तन झालं, समोरचे लोक ओरडायला लागले की अहो पाद्रीच पालटला! त्याच्याही मागे जॉन वेस्ली, दीक्षा घेतलेला धर्मगुरू, मिशनरी म्हणून अमेरिकेत जाऊन आलेला, पण आपलं तारण झालंय ही खात्री त्याला आली ती २४ मे १७३८ ला लंडनमधल्या एका छोट्या सभेत. वेस्लीने यात अजून एक भर घातली, की तारण मिळालं म्हणजे संपलं असं नाही, पवित्रीकरण (माणूस पवित्र होत जाणं) पुढे चालू राहतं, माणूस प्रेमात पूर्णतेकडे वाढू शकतो. याच धाग्यातून १९ व्या शतकात अमेरिकेत होलिनेस (पवित्र जीवनाच्या) सभा उभ्या राहिल्या आणि १८७५ पासून इंग्लंडमधे केझिकच्या वार्षिक सभा, जिथे येणारे बहुतेक आधीच विश्वासणारे असायचे आणि विषय असायचा की विश्वास ठेवूनसुद्धा रोजचं जगणं तसंच हरलेलं का.

रमाबाई १८९८ ला केझिकला जाऊन आल्या. पण त्याच्या आधीच आतला बदल बाहेर दिसायला लागला होता. पुण्यात त्या मनोरमाला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या, मुली येऊन बसायला लागल्या, 'केसरी'ने टीका केली, १८९३ मधे रानडे, भांडारकर शारदा सदनच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे खरं तर, संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहणार हे ठरलेलं होतं. पण बाईंना आता दार लावून घेणं जमणार नव्हतं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुणे-दौंड लाइनवर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथे विहिरी खणल्या, झोपड्या टाकल्या आणि मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० मधे गुजरातचा दुष्काळ आला आणि आकडा दोन हजाराच्या आसपास गेला. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. बदल मनातल्या मनात राहिला नाही, त्याला रोज हजारांच्या भाकरी लागायच्या, हे मला यातलं सगळ्यात पटणारं वाटतं.

१९०४-०५ मधे वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या आल्या. केडगावला जानेवारी १९०५ पासून खास प्रार्थनेचा गट सुरू झाला, बघता बघता पाचशेच्या वर मुली दिवसातून दोनदा जमायला लागल्या. २९ जूनला पहाटे एक मोठी मुलगी पवित्र आत्म्याच्या 'अग्नी'चा अनुभव येऊन ओरडत उठली आणि मेट्रन खरंच आग लागली समजून पाण्याची बादली आणायला पळाली. दुसऱ्या दिवशी बाई योहानाचा ८ वा अध्याय शिकवत असताना मुली रडत पापं कबूल करायला लागल्या, शाळेचे तास बंद ठेवावे लागले. या गोंगाटावर मिशनरी मंडळींतूनच टीका झाली. बाईंनी मुलींना आवरायला ठाम नकार दिला, आपल्या लोकांची भक्ती आपल्या रीतीने होऊ द्या ही त्यांची भूमिका. मुक्तीतल्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ ला यावर पुस्तिका लिहिली, तिची प्रत चिलीत वालपाराइसोला मैत्रिणीकडे पोचली, आणि १९०९ मधे तिथे जे पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारं) संजीवन सुरू झालं त्याच्या मुळाशी केडगावची ही बातमी आहे. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जण समजतात की हे सगळं अमेरिकेतून आलं. लॉस एंजेलिसची प्रसिद्ध अझुसा स्ट्रीट, म्हणजे तिथली पेंटेकॉस्टल संजीवन सभा, एप्रिल १९०६ ची, केडगाव त्याच्या आधीचं.

सगळ्यांचीच वाट ही नव्हती. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, १९०४ ला पाळक म्हणून दीक्षा, पण १९१७ मधे मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघंही शिष्य होऊ शकत होते. म्हणजे बावीस वर्षांनी पुन्हा नवा डाव. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं तर उलटंच, नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या आधी वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या तरी सोवळंओवळं चालूच, ते सुटलं विचार करून करून, जात माणसाने केली देवाने नाही असं स्वतःशी पटल्यावर, आणि बाप्तिस्मा घेतला त्यानंतर, १९०० मधे.